नाकाची नोकरी

या अंकाच्या संपादकांनी 'तुमच्या कामाबद्दल लिहा' असं सांगितलं तेव्हा मी त्यांना म्हणालो, अहो, दिवाळीत चकली-करंजी सोडून अमोनिया गॅसबद्दल कोण वाचणार? ते म्हणाले, लोकांना आतल्या गोष्टी आवडतात. आतली गोष्ट माझ्याकडे एकच आहे. ती माझ्या नाकाची आहे आणि रामदास आप्पांच्या डाव्या डोळ्याची आहे. ती सांगायची तर आधी गॅसची ओळख करून द्यावी लागेल, आणि ती करून देताना माझी थोडी बढाई होईल. तेवढी वाचकांनी सोसावी, पुढे तिची हवा निघणारच आहे.

मी निसार शेख. राहायला शिरूरला, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडी घोडनदीला. आधी दौंडच्या एका बर्फाच्या कारखान्यात आणि नंतर निवृत्तीपर्यंत शिरूरजवळच्या एका दूध शीतकरण केंद्रात मी रेफ्रिजरेशन ऑपरेटर होतो. हा हुद्दा लोकांना समजावून सांगणं हेच एक काम होतं. माझं लग्न ठरत होतं तेव्हा कुणीतरी सासऱ्यांना सांगितलं, मुलगा गॅसवर आहे. सासरे खूश झाले. साखरपुडा झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "आमच्या सिलेंडरच्या नंबराचं तेवढं बघा." त्यांचा भ्रम मोडायला मला वर्षभर लागलं.

तर गॅस. आम्ही फक्त 'गॅस' म्हणतो, अमोनिया म्हणत नाही. पाणी शंभर अंशाला उकळतं हे शाळेत शिकवतात. द्रवरूप अमोनिया उणे तेहतीस अंशालाच उकळतो. म्हणजे आपल्याकडच्या डिसेंबरातल्या पहाटेसुद्धा तो उकळायला टपलेलाच असतो, फक्त त्याला दाबाखाली लोखंडी टाकीत कोंडलेलं असतं. उकळायला उष्णता लागते, ती तो शेजाऱ्याकडून ओढून घेतो. शेजारी पाणी असलं तर त्याचा बर्फ होतो, दूध असलं तर ते गार होतं आणि तुमचं बोट असलं तर ते गोठून पांढरं पडतं. उकळून वाफ झालेला गॅस कॉम्प्रेसर पुन्हा दाबतो, गार पाण्याने त्याचा पुन्हा द्रव होतो आणि फेरी सुरू राहते. गावोगावचं दूध कॅनमधून आमच्याकडे यायचं आणि गार होऊन टँकरने पुढे जायचं. मधल्या वेळात ते नासलं नाही याचं श्रेय या गॅसला आहे. दुधाच्या पिशवीवर गाईचं चित्र असतं, आमच्या गॅसचं कुणी काढत नाही.

हे सगळं मला दौंडला पीटर मिस्त्रींनी शिकवलं. रेल्वेच्या लोकोशेडमधून निवृत्त झालेला माणूस, बारीक, काळा, खाकी अर्धी चड्डी घालायचा आणि हिंदी-मराठीची मिसळ बोलायचा. पहिल्या दिवशी त्यांनी मला प्लँटरूमच्या दारात उभं केलं आणि म्हणाले, "इसको एकच गोष्ट पाहिजे. पानी. हवेत नाही मिळालं, तर तुझ्यात शोधतो."

नंतर मी पुस्तकं वाचली, प्रशिक्षणं केली, पण यापेक्षा नेमकं कुणी सांगितलं नाही. अमोनियाला पाण्याची भयंकर ओढ असते. माणसाच्या अंगात जिथे ओल तिथे तो आधी जातो. डोळे, नाक, घसा, फुप्फुसं, घामेजलेल्या काखा आणि जांघा. तिथे पाण्यात मिसळला की त्याचा जळजळीत क्षार होतो आणि तो कातडी खातो. म्हणून नवा माणूस गळतीत सापडला की डोळे चोळत आणि काखा खाजवत बाहेर येतो, आणि बघणाऱ्यांना हसू येतं. उपायही पाणीच. डोळ्यात गेला तर किमान पंधरा मिनिटं सतत पाणी, पापण्या बोटांनी फाकवून. रोग्याने कितीही शिव्या दिल्या तरी सोडायचं नाही. तोंडावर ओलं फडकं धरायचं आणि बाहेर पडायचं. कोरडा रुमाल निव्वळ शोभेचा.

दुसरी गोष्ट वजनाची. हा गॅस हवेपेक्षा हलका, म्हणून प्लँटरूमच्या छताजवळ झरोके आणि पंखे ठेवतात. पण मोठी गळती झाली, द्रव बाहेर सांडला, की तो इतका गार असतो की हवेतल्या दमटपणाला धरून त्याचं पांढरं धुकं होतं आणि ते जमिनीलगत सरपटत जातं. पुस्तकात 'हलका' वाचलेला माणूस खाली वाकतो आणि नेमका धुक्यात सापडतो. लोक वाऱ्याच्या पुढे पळतात, गॅसही वाऱ्याबरोबरच पळतो. पळायचं ते वाऱ्याला आडवं.

तिसरी गोष्ट नाकाची. अमोनियाचा वास फार थोडा असतानाही येतो, आणि हा त्याचा मोठेपणा आहे. बाकी कितीतरी विषारी वायू न सांगता मारतात, हा आधी ओरडून सांगतो. पण नाक हा कामचुकार नोकर आहे. सतत तोच वास येत राहिला की थोड्या वेळाने ते कळवायचं बंद करतं. आठ तास प्लँटमध्ये बसलेल्या ऑपरेटरला बारीक गळती कळत नाही, आणि बाहेरून आलेला दारातच नाक मुरडतो.

म्हणून पीटर मिस्त्रींची एक रीत होती आणि ती मी शिरूरला घेऊन आलो. आम्ही तिला नाकफेरी म्हणत असू. पाळी बदलताना नवा आलेला ऑपरेटर चहा न घेता, कुणाशी न बोलता, सरळ प्लँटरूममध्ये जाणार. प्रत्येक व्हॉल्व्ह, प्रत्येक जोड नाकाने बघून येणार. जुना ऑपरेटर तोवर दाराबाहेर उभा राहणार. नवा बाहेर येऊन "साफ हाय" म्हणाला, की मग दोघांच्या सह्या. आणि ऑइल काढायचं काम याच वेळी करायचं, आधी नाही, नंतर नाही. कारण तेव्हा दोन माणसं असतात आणि एक नाक ताजं असतं.

हे ऑइलचं काम थोडं सांगतो, कारण पुढची गोष्ट त्याच्यावर उभी आहे. कॉम्प्रेसरचं तेल थोडं थोडं गॅसबरोबर जातं आणि खाली एका लोखंडी भांड्यात साठतं. त्याला ऑइल पॉट म्हणतात. दर काही दिवसांनी ते खालच्या व्हॉल्व्हमधून काढावं लागतं. आधी काळं, दाट तेल येतं. त्याच्या पाठोपाठ काय येईल याचा भरवसा नसतो. आमच्या धंद्यातली माणसं बहुतेक या कामात भाजतात.

माझं नाक चांगलं होतं. यात विनय करण्यात अर्थ नाही. आजूबाजूच्या कारखान्यांतून, शीतगृहांतून मला बोलावणी यायची. सगळे यंत्र घेऊन फिरत असताना मी एका जागी थांबून "इथं" म्हणायचो. मग तिथे गंधकाची बत्ती धरायची. गळती असली की बत्तीजवळ पांढरा धूर दाटतो. धूर निघाला की लोक माझ्याकडे असे बघत की मीच तो काढला.

या नाकाने मला विचित्र गिऱ्हाइकंही दिली. दौंडला एक पैलवान होता. कुणीतरी त्याला सांगितलं, चोंदलेलं नाक अमोनियाने मोकळं होतं. तो रोज बर्फ न्यायला आला की मागे लागायचा, "मिस्त्री, एकदा हुंगू द्या की." पीटर मिस्त्रींनी शेवटी जुन्या पाइपचा बाहेर काढून ठेवलेला तुकडा त्याच्यापुढे लांबून धरला. त्यात असून असून कितीसा गॅस असणार! पैलवान तिथेच मटकन बसला, डोळ्यांतून धारा. उठल्यावर म्हणाला, "मोकळं झालं, पण नाक हाय का गेलं ते बघा." आज हे आठवून मला पूर्वीइतकं हसू येत नाही.

शिरूरला आमच्या संचालक मंडळात एक बडे बागायतदार होते. तालुक्यात वजन असलेला माणूस. प्लँट बघायला आले आणि म्हणाले, "हे समदं लोखंडी का? गंजतंय की. आपला भाचा पितळी व्हॉल्व्ह देतो, झकास." अमोनिया पितळ आणि तांबं खातो, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. ते हसले. मग मी त्यांच्या नव्या छत्रीच्या मुठीची पितळी टोपी मागून घेतली आणि ऑइल काढतो त्या बादलीच्या पाण्यात टाकून ठेवली. दोन दिवसांनी ते पाणी मोरपिशी निळं झालं होतं. साहेबांनी बादलीत पाहिलं, भाच्याचं नाव पुन्हा काढलं नाही. छत्रीचं मात्र अधूनमधून काढत.

एकदा सणसवाडीहून फोन आला. तिथल्या एका शीतगृहात लाइन फुटली होती. मी पोचलो तेव्हा जमिनीवर पांढरं धुकं, बाहेर रस्त्यावर कामगार आणि पाण्याचा बंब तयार. बंबवाला खाली साठलेल्या द्रव अमोनियाच्या डबक्यावर फवारा मारणार होता. मी त्याचा हात धरला. वरच्या धुक्यावर पाणी मारलं तर ते गॅस पिऊन टाकतं. डबक्यावर मारलं तर आपलं साधं पाणी त्याच्यासाठी पेटत्या चुलीसारखं, त्याने डबकं आणखी उकळतं आणि गॅस वाढतो. ते काम निभावलं. पण मला लक्षात राहिला तो उत्तर प्रदेशाकडचा एक हमाल. गॅस त्याच्या छातीत गेला होता. खोकला थांबला तसा तो उठून निघाला. "अब ठीक है साहब, रूम पे जाके सोता हूँ." मी त्याला जबरदस्तीने दवाखान्यात पाठवलं. संध्याकाळी त्याचा श्वास अडकायला लागला. अमोनियाने भाजलेलं फुप्फुस काही तासांनी सुजतं, माणूस 'ठीक आहे' म्हणाल्यानंतर. खोलीवर जाऊन झोपला असता तर उठला नसता. तो वाचला. पुढे बरीच वर्षं ईदला त्याचा फोन यायचा.

इथवर बढाई झाली.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत मी आजारी पडलो. घरातच बरा झालो, फार काही झालं नाही. ईदच्या दिवशी बायकोने शीरखुर्म्याची वाटी पुढे ठेवली. तुपात तळलेल्या खारकांचा आणि वेलदोड्याचा वास आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत येतो. मी वाटीत नाक घातलं आणि काहीच नाही. गोड लागलं, पण वास शून्य. डॉक्टर म्हणाले, येईल परत, धीर धरा. पुष्कळांचा आला. माझा नाही आला.

कामावर हजर झालो तेव्हा मी कुणाला सांगितलं नाही. हे लिहिताना मला लाज वाटते, पण लिहितो. जास्त गॅस असला की नाकात झोंबायचं, डोळे चुरचुरायचे, एवढं कळायचं. पण ज्या बारीक वासावर माझी नोकरी आणि माझं नाव उभं होतं, तो गेला होता. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. सांगितलं असतं तर मला दूध संकलनाच्या खिडकीत बसवलं असतं. वाईट काम नाही ते. पण ज्याला आसपासच्या शीतगृहांतून बोलावून नेत, तो माणूस खिडकीत बसून फॅट लिहून घेतोय, हे मला माझ्या डोळ्यांसमोर आणवत नव्हतं. छताजवळ गॅसचा सेन्सर होता, पण तो मोठ्या गळतीलाच ओरडायचा. बारीक गळतीचं काम माझं.

मी एक युक्ती काढली. लाल लिटमस कागद ओला करून अमोनियाजवळ नेला की निळा होतो. मी पट्ट्यांची डबी आणली आणि माझ्या कपाटात ठेवली. नाकफेरीला जाताना एक पट्टी थुंकीने ओली करायची, डाव्या मुठीत टोक थोडं बाहेर ठेवून धरायची, आणि व्हॉल्व्हपाशी वाकून हुंगल्याचं नाटक करताना मूठ पुढे न्यायची. एकदा तर मी अशी एक गळती पकडलीसुद्धा. लोक म्हणाले, भाईंचं नाक ते भाईंचं नाक. मी मान डोलावली.

आता रामदास आप्पा. मूळ कवठे येमाईचे, घरी बागायत, भाऊ गावच्या राजकारणात. हे मात्र भाऊबंदकीला कंटाळून प्लँटवर आले आणि इथेच रमले. वयाने माझ्याच बरोबरीचे. वीस वर्षं आमच्या पाळ्या एकमेकांच्या मागे-पुढे होत्या. त्यांनी माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या नाकफेरीवर ऑइल काढलं नाही. दुसरा असला तर म्हणत, "ऱ्हाऊ द्या, भाई आल्यावर बघू." मी त्यांना आप्पा म्हणायचो, ते मला निसारभाई.

पावसाळा होता. त्यांची पाळी तीनला संपत होती, माझी सुरू होत होती. ऑइल काढायचा दिवस. मी कपाट उघडलं. कपाट प्लँटरूममध्येच, ऑइल पॉटच्या मागच्या भिंतीला. डबीचं झाकण नीट लागलेलं नव्हतं आणि आतले सगळे कागद निळे झाले होते. मी मनात म्हटलं, दमट हवेने नासले. डबी कचऱ्याच्या टोपलीत टाकली आणि तसाच फेरीला निघालो. व्हॉल्व्हपाशी वाकलो, हुंगलो, पुढे गेलो. नाकात झोंबलं नाही. बाहेर आलो. आप्पा दारात उभे होते.

"काय भाई?"

"साफ हाय," मी म्हणालो. प्रमाण मराठीत मी ते कधीच म्हटलं नाही.

आप्पा आत गेले. रीतीप्रमाणे मी चार पावलं मागे, पाण्याचा नळ हाताशी. आप्पांनी चष्मा, म्हणजे आमचा रबरी गॉगल, डोळ्यांवर लावला होता. तो घामाने धुरकटला. नळीचं तोंड बादलीत नीट आहे का दिसेना, म्हणून त्यांनी तो कपाळावर सरकवला. गळती आहे असं कुणी म्हटलं असतं तर त्यांनी गॉगल काढणं सोडाच, वरून मास्क चढवला असता. पण मी साफ म्हटलं होतं. त्यांनी व्हॉल्व्हचं चाक अर्धा आटा फिरवलं. व्हॉल्व्हच्या दांड्याभोवती गॅस अडवण्यासाठी पॅकिंग भरलेलं असतं. ते आधीच गेलेलं होतं. ते एकदम बाहेर आलं आणि तेल-गॅसचा फवारा त्यांच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूवर बसला.

पुढचं सगळं माझ्या हातांनी केलं, माझं डोकं त्यात नव्हतं. तोंडाला ओलं फडकं लावून मी वरचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला. आप्पांच्या काखांत हात घालून त्यांना बाहेर ओढलं. नळाखाली आडवं केलं, छातीवर गुडघा ठेवला आणि डाव्या डोळ्याच्या पापण्या फाकवून पाणी सोडलं. ते किंचाळत होते.

"सोडा भाई! मरतोय मी! सोडा!"

"नाही सोडणार आप्पा."

"पाया पडतो तुमच्या!"

मी सोडलं नाही. गाडी येईपर्यंत, म्हणजे पाऊण तास, मी त्यांच्या छातीवर होतो. दवाखान्यात संध्याकाळी ते 'बरं वाटतंय, घरी जातो' म्हणायला लागले, आणि मला सणसवाडीचा हमाल आठवला. मी डॉक्टरांना सांगून त्यांना ठेवून घ्यायला लावलं. फुप्फुसं सुजली, ऑक्सिजन लावावा लागला, पण ते त्यातून उठले. उजवा डोळा पूर्ण वाचला. डाव्या डोळ्याचं बुबुळ दुधी झालं. डॉक्टर मला म्हणाले, तुम्ही इतका वेळ पाणी मारलंत म्हणून एवढ्यावर निभावलं. आप्पांच्या बायकोने, वहिनींनी, माझे हात हातात घेतले आणि त्या रडल्या. माझ्या आयुष्यात इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

त्या रात्री घरी मला डबी आठवली. आधी कितीतरी पावसाळी दिवस गेले होते आणि कागद लालच राहिले होते. दमट हवेने लिटमस निळा होत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. कपाट ऑइल पॉटच्या मागेच होतं. दुपारी कधीतरी पॅकिंग झिरपायला लागलं होतं आणि गॅस उघड्या डबीत शिरला होता. कागद नासले नव्हते. त्यांनी सांगायचं ते सांगितलं होतं आणि मी त्यांना टोपलीत टाकलं होतं.

चौकशीला सुरक्षा अधिकारी आले. त्यांनी मला विचारायच्या आत आप्पांनी, डोळ्याला पट्टी असताना, सांगून टाकलं, "भाईनं साफ म्हटलं म्हंजी साफच व्हतं. पॅकिंग त्या टायमालाच गेलं आसंल. न्हाईतर भाईच्या नाकातनं सुटलं नसतं." अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नाही. अहवालात 'पॅकिंग अचानक निकामी' असं आलं. नंतर व्हॉल्व्ह बदलले, खाली बारीक गळतीचे सेन्सर बसवले, ऑइल काढायला मास्क सक्तीचा झाला. नाकफेरी बंद झाली. प्लँट आता पूर्वीपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे, हे मी प्रामाणिकपणे लिहितो.

मी निवृत्त झालो तेव्हा शाल-नारळ झाला. तेच छत्रीवाले संचालक भाषणाला उभे राहिले. म्हणाले, "आमच्या निसारभाईंचं नाक म्हंजी लाखात एक." टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत काळा चष्मा लावून बसलेले आप्पा सगळ्यात मोठ्याने टाळ्या वाजवत होते. हार गुलाबाचा होता असं फोटोवरून दिसतं. मला तो कागदाचा असता तरी कळलं नसतं.

संपादकांचा निरोप आला तेव्हा मी ठरवलं, की लिहिण्याआधी आप्पांना सांगायचं. छापलेलं वाचून कळायला नको. एसटीने कवठ्याला गेलो. आप्पा घरापुढच्या ओट्यावर बसले होते. मी त्यांच्या डाव्या बाजूला बसलो. मुद्दामच बसलो. तिकडच्या डोळ्याला मी दिसत नव्हतो, म्हणून बोलणं सोपं गेलं. करोना, शीरखुर्मा, गेलेला वास, सगळं सांगितलं. आप्पा समोर बघत ऐकत होते.

मग म्हणाले, "ठावं हाय मला."

मी वळून त्यांच्याकडे बघितलं.

"पॅनलमागं घूस मरून पडली व्हती, आठवतं का? समद्यांनी नाकाला रुमाल लावलं. उलट्या व्हायची पाळी. आन् तुम्ही थितंच बसून डबा खात व्हता. तवाच कळलं."

"मग चौकशीत का नाही बोललात?"

"काय बोलायचं? तुम्ही कागद घेऊन फिरायचा की. मुठीत. मी दारातनं बघायचो. म्या म्हटलं, नाकापरीस कागद बरा, कागदाला सर्दी व्हत न्हाई. माझा भरवसा कागदावर व्हता, भाई. त्या दिवशीबी तुमची मूठ बघितली आन् मगच आत गेलो. पॅकिंग मागनं गेलं, त्याला तुम्ही काय करणार?"

मी माझ्या डाव्या हाताकडे बघितलं. सवय अशी असते. डबी टोपलीत टाकून मी फेरीला निघालो तेव्हाही, रोजच्यासारखी मूठ वळली होती आणि प्रत्येक व्हॉल्व्हपुढे नेली होती. मला ते आजवर आठवलंही नव्हतं.

"आप्पा," मी म्हणालो, "त्या दिवशी मुठीत काही नव्हतं." आणि डबीचं, निळ्या कागदांचं सांगितलं.

वहिनी आतून चहा घेऊन आल्या, आमच्यामध्ये दोन कप ठेवून परत गेल्या. आप्पांनी कपाला हात लावला नाही. मीही लावला नाही. शेवटी त्यांनी चष्मा काढला, पंच्याने दोन्ही डोळे पुसले आणि डावीकडे माझ्या दिशेने तोंड केलं, पण नजर माझ्यावर लागली नाही.

"इकडं येऊन बसा," ते उजवीकडे ओट्यावर हात ठेवत म्हणाले. "तिकडनं तुम्ही दिसत न्हाई मला."

मी उठलो आणि त्यांच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसलो.